आधी घरी बिल्ड करा, मग मिरजेला गाडी पकडा

ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, परिषदेला पहिल्यांदा निघालेली पोरं मला विचारतात ते तिकिटाचं आणि राहण्याचं. ते लवकर उरकते. मिरजेहून दुपारी राणी चन्नम्माला बसलं की सकाळी बेंगळुरू. पैशांची अडचण असेल तर आर्थिक मदतीचा अर्ज करा. पायकॉन इंडियासारख्या परिषदा अशी मदत देतात, योजना त्यासाठीच असते, लाजू नका. आणि तिथे कोणी 'साहेब' नसतं हे डोक्यात ठेवा. सकाळी दारात बॅजांना दोऱ्या ओवत बसलेला माणूस अकरा वाजता स्टेजवर बोलत असतो. सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. ब्रुसेल्सच्या फॉसडेम परिषदेला तर तिकीटच काय, नोंदणीही लागत नाही.

आता खरी गोष्ट. भाषणं झाली की बऱ्याच ठिकाणी एक दिवस स्प्रिंटचा असतो. एकेका टेबलावर एकेक प्रकल्प, तिथे बसून प्रत्यक्ष काम. भाषणांचे व्हिडिओ बहुतेक वेळा नंतर बघायला मिळतात, त्यामुळे जायचंच असेल तर या दिवसासाठी जा. मी गेले होते. लिबरऑफिसच्या (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारा फुकट ऑफिस संच) टेबलावर बसले आणि दिवस अक्षरशः मातीत घातला.

आदल्या रात्री मी कुर्त्याला इस्त्री केली आणि इंग्रजीत ओळख करून द्यायची चार वाक्यं पाठ केली. लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. सकाळी दहाला गिट क्लोन दिलं, म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड आपल्या लॅपटॉपवर उतरवायची आज्ञा. रेपो, म्हणजे कोडचा तो साठा, एक जीबीच्या वर, आणि हॉलमधला प्रत्येक जण त्याच वायफायवर. साठ टक्क्यांना कनेक्शन तुटलं. हे नीट वाचा, कारण मला ते तेव्हा माहीत नव्हतं: तुटलेलं क्लोन जिथे थांबलं तिथून पुढे जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तीन वेळा दिलं. जेवणाच्या सुमारास एकदाचं झालं. मग ऑटोजेन, म्हणजे बिल्डची तयारी तपासणारी स्क्रिप्ट, चालवलं, तर ते एकेक पॅकेज मागायला लागलं. हे नाही, ते नाही. ते सगळं भरून मेक दिलं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायची (बिल्डची) आज्ञा, आणि वाटलं, सुटलो. तर मेकने बाहेरच्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) उतरवायला घेतल्या, पुन्हा त्याच वायफायवरून! कंपाइल सुरू झालं तेव्हा चार वाजले होते. आठ जीबीच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड व्हायला कित्येक तास लागतात. पंखा असा घोंघावत होता की शेजारचा मुलगा दोनदा वळून बघून गेला.

पण ही चूक निम्मीच. टेबल सांभाळणारे दिवसभरात तीनदा येऊन विचारून गेले, "कसं चाललंय?" तिन्ही वेळा मी मान हलवून "छान" म्हणाले. सांगलीची पोरगी, एवढं साधं जमेना, हे कसं सांगायचं? शेवटी पाच वाजता आईने दिलेली भडंगाची पिशवी फोडली. वास गेला तशी समोरची ताई चमकून मराठीत म्हणाली, "कुठली गं तू?" ती निघाली तासगावची. मग मी सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, सकाळीच का नाही बोललीस? माझ्या डिस्कवर अख्खी रेपो आहे. दहा मिनिटांत दिली असती की."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं कशाला सांगू.

तर जायच्या दोन आठवडे आधी घरी बसून हे करा. रात्री नेट मोकळं असतं तेव्हा क्लोन करा. ऑटोजेन चालवून सगळी पॅकेजं भरून घ्या. मग मेक फेच, म्हणजे बाहेरचं सगळं आधीच उतरून येईल. मग मेक देऊन झोपा. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका, मेक परत दिलं की राहिलेलंच काम करतं, क्लोनसारखं नखरे करत नाही. झालेला प्रोग्राम एकदा उघडून बघा. गेरिटवर, म्हणजे कोड तपासून घेतात त्या साइटवर, खातं काढा आणि आपला कोड प्रकल्पाच्या लायसन्सखाली देत असल्याची मेल पाठवून ठेवा, नव्या माणसाकडून ती मागतातच. बगझिलावर, म्हणजे बगांच्या नोंदवहीत, 'इझी हॅक' (नवख्यांसाठी सोपं काम) अशी खूण असलेला एखादा बग निवडा आणि त्यातलं काय कळलं नाही ते कागदावर लिहा. तो कागद घेऊन टेबलावर गेलात तर अर्ध्या तासात काम सुरू होतं. दुसरा प्रकल्प असेल तर आज्ञा बदलतील, क्रम हाच.

आणि तयारी झालीच नाही तर? तरी जा. फक्त सव्वादहाच्या आत कोणाला तरी सांगा. तुटक्या इंग्रजीत सांगा, हिंदीत सांगा. मला आजवर कोणी हसलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी कडू बोलणार. व्हॉट्सॲपवर 'महिन्यात जीसॉक' (गुगलचा समर ऑफ कोड, नव्यांना ओपन सोर्सच्या कामाचे पैसे देणारा कार्यक्रम) विकणाऱ्या मेंटॉरांपासून लांब राहा. रीडमी या माहितीच्या फाइलीतला स्वल्पविराम इकडचा तिकडे करून पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) टाकायला तेच शिकवतात. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे पुल रिक्वेस्ट दिल्या की टी-शर्ट मिळायचा त्या ऑक्टोबरच्या उपक्रमात, टी-शर्टापायी असल्या रिक्वेस्टांचा इतका चिखल झाला की प्रकल्पाने आधी होकार दिला तरच त्या मोजायच्या, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला. माझ्या मते खरा मेंटॉर तोच, जो तुमचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तीनदा परत पाठवतो. माझा पहिला पॅच एका ओळीचा होता. परिषदेहून आल्यावर तीन आठवड्यांनी, विश्रामबागेतल्या खोलीवरून गेला, आणि तोही तीनदा परत येऊन.

लॅपटॉप अगदीच गरीब असेल तर भाषांतराकडे या. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या साइटवर चालतं, ब्राउझर पुरतो. आणि तिथे मराठी माणूस लागतोच. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक, तो अर्धा र नीट टाइप झालाय की नाही, हे दुसऱ्या कोणाला पटकन दिसणार?

आता बॅगेत भडंगाच्या दोन पिशव्या असतात आणि रेपो भरलेला पेनड्राइव्ह, कोणा मागणाऱ्यासाठी. तो फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये ठेवू नका. त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि बिल्डसकट अख्खा फोल्डर एका फाइलीत बांधला की तो त्यापुढे जातोच. हे मला स्टेशनवर निघायच्या तासभर आधी कळलं होतं.