हार्ट फेल्युअरची औषधं आणि ज्येष्ठांचा थकवा: या चुका टाळा

गेल्या महिन्यापर्यंत आजोबा रोज नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चालत जाऊन येत होते. आता सोसायटीच्या फाटकापर्यंत गेले तरी खाली बसावंसं वाटतं. अशा वेळी घरात कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं नव्या गोळ्या सोसत नाहीत. दोन्ही खरं असू शकतं, पण तेवढ्यावर थांबणं ही पहिली चूक. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, अंगात पाणी साचलं तरी माणूस गळून जातो आणि लघवीच्या गोळीने पाणी प्रमाणाबाहेर निघून गेलं तरी गळून जातो. चेहऱ्यावरून फरक कळत नाही आणि उपाय तर एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून अंदाज न बांधता मोजायचं.

वजन न बघता गोळी कमी-जास्त करणं

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर तो चुकीचं दाखवतो. सूज पूर्ण उतरलेली असतानाचं वजन डॉक्टरांकडून विचारून कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. रोजच्या आकड्याची तुलना त्याच्याशीच करायची.

३ दिवसांत २ किलो वाढ, घोट्यावर बोट दाबलं की खळगा, झोपताना जास्तीची उशी लागणं: हे पाणी साचल्याचं लक्षण. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट वजन दीड-दोन किलो उतरलं, जीभ कोरडी, लघवी थोडी आणि गडद, उठताना अंधारी, तर पाणी कमी पडतंय. नाशिकमध्ये जानेवारीच्या थंडीत ठरलेला टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीचा डोस एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकल्यावर, जड होऊ शकतो. जुलाब-उलट्यांतही तेच होतं. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढणारी गोळी) चालू असेल तर अशा आजारपणात कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे आधीच विचारून लिहून घ्या. ऐन वेळी रात्री अकराला विचारायला कुणी सापडत नाही.

एक सावधगिरी: ज्यांचं जेवण कमी झालंय, त्यांचं मांस झडतं आणि त्या जागी पाणी भरतं. काटा तोच आकडा दाखवत राहतो. म्हणून पायही बघा.

बीपी फक्त बसून मोजणं

या आजाराची बहुतेक औषधं बीपी उतरवतात. बसून ११० दिसलं की सगळे निश्चिंत होतात आणि आजी मात्र स्वयंपाकघरात ओटा धरून उभ्या. ५ मिनिटं शांत बसल्यावर एकदा मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी मोजा. शेजारी कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगा. कित्येकदा औषध बंद करावं लागत नाही, वेळा विभागल्या की भागतं.

कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्यायचं असतं. रिकाम्या पोटी बीपी झटकन उतरतं. एकादशीला ते नेमकं तसंच घेतलं जातं, किंवा ‘जेवणानंतरची गोळी’ म्हणून चुकवलं जातं. उपवास करायचाच असेल तर त्या वेळी फराळ करून गोळी घ्या. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असताना कडक निर्जळी करू नका. रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, साखर फार वाढलेली नसतानाही.

बीटा ब्लॉकर मनाने बंद करणं

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणाऱ्या गोळ्या, सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले काही आठवडे थकवा जाणवणं अपेक्षित असतं, पुढे तो बहुतेकांचा ओसरतो. म्हणूनच डोस दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, हळू वाढवतात. एकदम बंद केल्यास ठोके बिघडू शकतात, छातीत दुखू शकतं. नाडी ५० च्या खाली आणि चक्कर असेल तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मेटोप्रोलॉलची हळूहळू विरघळणारी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देऊ नका. दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

‘ताकदीचं सलाईन’ लावून घेणं

ही चूक कळकळीने टाळायला हवी. अर्ध्या लिटर सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळपास दिवसभराचं, आणि ते थेट शिरेत जातं. संध्याकाळी तरतरी आल्यासारखं वाटतं आणि पहाटे दम लागतो. कोणत्याही दवाखान्यात आधी सांगा: ‘हार्टचा त्रास आहे, पंपिंग कमी आहे.’

ताटातलं मीठही मोजा: दिवसाला सपाट एक चहाचा चमचा, साधारण ५ ग्रॅम, आणि त्यात मिसळीची तर्री, पापड, लोणचं, चिवडा सगळं आलं. मात्र ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन चालू असताना पोटॅशियम वाढलं तर स्नायू ढिले पडतात आणि ठोके थांबण्यापर्यंत मजल जाते. रोजचं शहाळंही याच कारणाने विचारून घ्या. स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यावर आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), सोडियम, पोटॅशियम तपासायचं असतं. बरं वाटतंय म्हणून ही तपासणी पुढे ढकलली जाते.

जुन्या पट्ट्या डब्यात राहू देणं

दवाखान्यातून घरी आल्यावर जुनी आणि नवी पट्टी, नावं वेगळी पण आतलं औषध एकच, दोन्ही चालू राहतात. पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव जुळवून बघा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन सुरू करताना मध्ये ३६ तास जावे लागतात, नाहीतर ओठ-घसा सुजून श्वास अडू शकतो. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेलं डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन पाणी धरून ठेवतं आणि किडनीवर ताण आणतं.

हिमोग्लोबिन ठीक म्हणून लोहाकडे न बघणं

हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि थकवा त्यानेच येतो. रक्ततपासणीत फेरिटिन (लोहाचा साठा) १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरासाठी फिरणारं लोह) २० टक्क्यांच्या खाली, असं असेल तर पंपिंग कमी असलेल्यांना शिरेतून लोह द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतात. लोहाच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. थायरॉईडही तपासा, अमियोडॅरोन हे ठोक्यांचं औषध चालू असेल तर नक्कीच.

पूर्ण विश्रांती देऊ नका, पायांचे स्नायू आठवड्यांत जातात. वजन स्थिर असेल तर सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा, बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा. नाशिकमध्ये गोल्फ क्लबचा ट्रॅक सोयीचा आहे; उन्हाळ्यात आठच्या आत परतायचं.

आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, अचानक असंबद्ध बोलणं यांत वजन-बीपी मोजत बसू नका, १०८ ला फोन करा आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या.