स्टेशन तपासायचं तर माझ्यासोबत चला

मी व्हीलचेअर वापरते. स्टेशन सुधारायचं असेल, तर हातात टेप घ्या आणि प्रवेशद्वारापासून डब्याच्या दारापर्यंत माझ्यासारख्या कुणाला तरी सोबत घेऊन जा.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीला किमान १८० सेंटिमीटर लांबी. त्याहून तीव्र चढ असला की माझे खांदे भरून येतात, खुर्ची मागे ओढते.

अंध प्रवाशांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरशांवरून हात फिरवून बघा: लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल उंचवटे म्हणजे सावध व्हा. त्यांवर बाकडं किंवा कचऱ्याचा डबा पाच मिनिटांसाठीसुद्धा ठेवू देऊ नका.

लिफ्ट बंद असली तर पाटी प्रवेशद्वारावरच लावा. मला ते फलाटावर उतरल्यावर कळतं, तेव्हा बाहेर पडायला वाटच नसते. आणि प्रत्येक घोषणा पडद्यावरही दिसू द्या.