वर्दीत राहून डिग्री: असाइनमेंटची पावती जपा

फौजेत राहून बीए करता येतं. वर्षाची फी काही हजारांत बसते आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. आमच्या यवतमाळ-वाशिमकडची पोरं भरती निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात, निवड झाली की गावभर बॅनर लागतं आणि पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर जातो तो कायमचा. मी इन्फंट्रीत असताना इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बीए केलं. घरात पहिली डिग्री माझीच. त्यात जे सोसलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. सीनियर सांगतील, "काहून डोकं लावतं बे? पंधरा वर्षं झाली की ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट भेटतेच." भेटते, खरं आहे. पण ते चालतं गट क च्या पदांसाठी, माजी सैनिक म्हणून. यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेस, बँकेतलं अधिकारीपद, बीएड, एलएलबी इथे विद्यापीठाचीच डिग्री मागतात. आणि अग्निवीरांना तर पंधरा वर्षांचा हिशेबच लागू नाही. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच पोरं कायम होणार, बाकीचे सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना एकरकमी मिळणारे, साधारण ११.७१ लाख घेऊन घरी. तो पैसा घराचा स्लॅब आणि बहिणीच्या लग्नात कसा विरघळतो ते मी गावात बघतोय. तीन वर्षांची डिग्री तीन वर्षांच्या आत होत नाही, म्हणून ट्रेनिंग संपल्यावर जे सत्र समोर येईल, जानेवारीचं की जुलैचं, त्यातच प्रवेश घ्या. अग्निवीरांसाठी २०२२ मध्ये वेगळी डिग्री जाहीर झाली, तिच्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचेच धरले जातात. युनिटमध्ये पहिली चौकशी तिची करा.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ चांगलं, मराठीतून शिकता येतं. पण तुमची पोस्टिंग राजौरीला आणि अभ्यासकेंद्र पुसदला, हे जमत नाही. इग्नूची परीक्षाकेंद्रं देशभर आहेत, परीक्षेचा फॉर्म भरताना गाव निवडता येतं. माध्यम हिंदी घ्या. बराकीत दिवसभर हिंदीच बोलतो आपण, उत्तरं लिहिताना अडत नाही. विज्ञान शाखेच्या वाटेला जाऊ नका, प्रॅक्टिकलला हजर राहायची परवानगी मागत बसाल. राज्यशास्त्र, लोकप्रशासन, इतिहास घ्या, पुढे स्पर्धा परीक्षेलाही कामी येतात. छापील पुस्तकं नको म्हटलं तर फीमध्ये सवलत मिळते. ती घेऊ नका. पोस्टवर फोन जवळ नसतो, पुस्तक असतं.

आता जे मला नडलं ते. इग्नूत तीन कामं वेगवेगळी असतात: दरवर्षीचं री-रजिस्ट्रेशन (पुढच्या वर्षाची नोंदणी), असाइनमेंट (दिलेल्या प्रश्नांची घरी लिहून जमा करायची उत्तरं) आणि परीक्षेचा फॉर्म. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. री-रजिस्ट्रेशनची फी भरली म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही, परीक्षेची फी विषयागणिक वेगळी भरावी लागते. आणि परीक्षेत कितीही मार्क पडू देत, त्या विषयाची असाइनमेंट जमा नसेल तर विषय पूर्ण धरत नाहीत. असाइनमेंटला ३० टक्के वजन आहे, पण पास मात्र तिच्यात वेगळं आणि लेखीत वेगळं व्हावं लागतं.

माझी असाइनमेंट हाताने लिहून तयार होती. युनिट ईशान्येकडे, अभ्यासकेंद्र लांब, म्हणून सुट्टीवर निघालेल्या सोबतच्या जवानाकडे गठ्ठा दिला. त्याने तो नेऊन दिला. पावतीचं ना मी बोललो, ना त्याच्या लक्षात आलं. पुढे युनिट हललं. निकाल बघितला तर लेखीचे मार्क चढलेले आणि असाइनमेंटच्या रकान्यात आडवी रेघ. गठ्ठा कुठे गेला ते आजवर कळलं नाही. पुन्हा तेच पाठवू म्हटलं, तर तेही चालेना, कारण प्रश्न ठरावीक काळाने बदलतात आणि मुदत गेलेल्या प्रश्नांची उत्तरं घेत नाहीत. नवे प्रश्न उतरवून सगळं पहिल्यापासून लिहिलं, नाइट ड्युटीवरून आल्यावर, हेडटॉर्चच्या उजेडात. त्या रात्री आठवल्या की अजून बोटं आखडतात.

म्हणून सांगतो. प्रत्येक पानाचा फोटो काढा. पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबर, विषयाचा कोड, सत्र, सही. जमा करताना शिक्का मारलेली पावती घ्या, दुसऱ्याच्या हाती पाठवली तर पावतीचा फोटो आल्याशिवाय त्याचा पिच्छा सोडू नका. ऑनलाइन भरायची सोय असेल तिथे पोचीचा ईमेल जपा. आणि दोन महिन्यांनी स्टेटस बघा. पोस्टिंग बदलणार असं नुसतं कानावर आलं तरी आधी असाइनमेंट देऊन मोकळे व्हा.

फॉर्म स्वतः भरा. तालुक्याचा नेट कॅफेवाला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे आणि तुम्ही सियाचिनला. "एका वर्षात डिग्री, मागच्या तारखेची" म्हणणाऱ्याच्या दारातही उभे राहू नका, असल्या कागदाने नोकरी तर जातेच, वर केस होते. विकतच्या तयार असाइनमेंटबद्दलही माझं मत वाईट आहे. ती उतरवणाऱ्याचा हात परीक्षेत चालत नाही. सल्ला घ्यायचा तर भरती अकॅडमीवाल्यांपेक्षा युनिटमधल्या एज्युकेशन हवालदाराचा घ्या. पचमढीच्या लष्करी शिक्षण केंद्रात शिकून आलेला हा माणूस विनापैशात तासभर बसून समजावतो आणि त्याच्याकडे कुणी जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

घाबरू मात्र नका. पास व्हायला ३५ टक्के लागतात. पहिल्या वर्षाचे विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं, तीन वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे. कारगिलला असताना एक सत्र गेलं तर गेलं. जूनची परीक्षा आपल्याकडच्या पेरणीवर येते, तेव्हा वार्षिक सुट्टीचा तुकडा तिथे लावा, केंद्र नागपूर किंवा अमरावती भरा. पेपरच्या दिवशी पेपर, दोन पेपरांच्या मधल्या दिवसांत शेत. बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पेपरच्या दिवशी तिफण तुमच्या हातात येईल.

प्रवेशाआधी सीओ साहेबांची, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची, लेखी मंजुरी घ्या. फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे टाका. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव पुढे असतं, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मागे असेल तर ते तेव्हाच क्लार्कला दाखवा. डिग्री हातात आली की तिची पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश) काढून घ्या आणि त्या ऑर्डरची प्रत घरी पाठवा.