मटकीला मोड, वरून लिंबू
बारा वर्षं झाली, अंबाजोगाईजवळच्या एका गावात अंगणवाडी सांभाळते. पावसाळा आला की लेकरं सर्दी-खोकल्यानं हैराण होतात आणि आया विचारतात, "ताई, ताकदीचं कोणतं औषध द्यावं?" मी आधी घरात मटकी आहे का ते विचारते.

मटकी रात्री भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात. मोडामुळं क जीवनसत्त्व वाढतं आणि दाण्यातलं लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं. जस्त कमी पडलं तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत. रोगजंतूंना अडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तर प्रथिनांचीच बनतात. म्हणून नुसत्या भाकरी-ठेच्यावर लेकरू वाढवू नका. वरण घट्ट करा, चालत असेल तर अंडं द्या.

लिंबू मात्र उसळ उतरवल्यावरच पिळा; उकळीत क जीवनसत्त्व नासतं. बाजरीच्या भाकरीतलं लोह अंगी लागायला त्याचीच मदत होते. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. चहानं लोह अडतं. हे मी दर बैठकीत सांगते.

बांधावरच्या शेवग्याचा पाला करडईच्या तेलात लसूण घालून परता. त्यातलं अ जीवनसत्त्व शोषलं जायला तेल लागतंच.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही देऊ नका, फक्त आईचं दूध. त्याला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.