इंग्लिश खेड्यातली रहस्यकादंबरी: खून कसा रचावा

इंग्लिश खेड्यातली रहस्यकादंबरी लिहायला घेतली की बरेच जण आधी चर्च, पब आणि गुलाबाचे ताटवे रंगवत बसतात. त्याची घाई नको. इथे गाव पहारेकऱ्याचं काम करतं. कोण कोणाच्या फाटकातून किती वाजता बाहेर पडलं हे खिडकीतून कोणीतरी पाहतंच, आणि खुन्याला त्या नजरा चुकवायच्या असतात.

म्हणून सुरुवात शेवटापासून करा. खुनी, हेतू आणि पद्धत तीन ओळींत लिहा. मग खुनाच्या दिवसाचा तक्ता आखा. आडव्या ओळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या, आणि प्रत्येक पात्राला दोन रकाने: खरं काय घडलं, आणि ते काय सांगतं. संशयित पाच-सहा पुरेत. निरपराध माणसांनाही खोटं बोलायला आपापलं कारण हवं (कर्ज, लपवलेलं लग्न, चोरून केलेली भेट), नाहीतर खोटं बोलणारा एकटा खुनीच उरतो आणि तो लगेच ओळखू येतो.

साल आधीच ठरवा. १९३५ च्या खेड्यात फोन बहुधा पोस्टातल्या एक्स्चेंजमधून जोडला जातो, म्हणजे पोस्टमास्तरीणबाईंच्या कानावरून. सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट, म्हणजे युद्धामुळे रात्री बाहेर उजेड दिसू द्यायला बंदी. काळोखात कोणी कोणाला ओळखलं हा प्रश्न आयताच मिळतो. युद्धानंतर गावात नवी माणसं येतात आणि त्यांची ओळख पटवायला रेशन बुक आणि बहुधा फोटो नसलेलं ओळखपत्र यांपलीकडे फारसं काही नसतं. तोतयासाठी याहून सोयीचा काळ नाही.

सगळ्यात जास्त चुका विषात होतात. गावच्या केमिस्टकडून आर्सेनिक विकत घेणारा खुनी दुसऱ्या प्रकरणातच पकडला जायला हवा, कारण १८५१ च्या कायद्यापासून विक्रीची नोंद, घेणाऱ्याची सही आणि कारण वहीत लिहावं लागे. शिवाय किरकोळ विक्रीच्या पांढऱ्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळलेली असे. त्यापेक्षा बागेच्या शेडमधला आर्सेनिकयुक्त तणनाशकाचा जुना डबा बरा. तिथे कोणीही पोचू शकतं. आर्सेनिकने माणूस घोट घेताच कोसळत नाही. आधी उलट्या, जुलाब, पोटात कळा. डॉक्टर त्याला पोटाचा विकार समजतो, आणि खुन्याला अॅलिबीसाठी (आपण तेव्हा दुसरीकडे होतो हे दाखवायला) हवा तो वेळ मिळतो.

मृत्यूची वेळ डॉक्टरच्या तोंडी "नऊ वाजून वीस मिनिटं" अशी घालू नका. शरीर ताठरायला साधारण दोन ते चार तासांत सुरुवात होते, पण थंडी-उष्म्याने हे पुढेमागे होतं. डॉक्टरने दोन-तीन तासांचा पट्टा द्यावा; तो अरुंद करायचं काम साक्षीदारांचं, आणि त्यातला एक साक्षीदार चुकलेला असावा.

सायकलवरचा गावचा कॉन्स्टेबल खुनाचा तपास करत नाही. त्या काळात लंडनच्या स्कॉटलंड यार्डला बोलवायचं की नाही हे काउंटीचा चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख ठरवतो. हौशी गुप्तहेराला शिरायला जागा मिळते ती या दिरंगाईत.

धागेदोरे निदान तीन, पहिला पहिल्या चतुर्थांशात. महत्त्वाची वस्तू तीन-चार वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवा आणि लगेच भांडण किंवा किंकाळी येऊ द्या. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांतला पहिला नियम आजही पाळावा असा: गुन्हेगार कथेत लवकर आलेला असावा. शेवटच्या प्रकरणातल्या प्रत्येक पुराव्यासमोर तो आधी कुठल्या पानावर आला ते समासात लिहा. पान सापडलं नाही, तर मागे जाऊन तो पेरा.