पट्टा सुरू करण्याआधी टाकीत डोकावा

सुक्या कचऱ्याचं केंद्र सुरू करायला निघालेले लोक माझ्याकडे सुरक्षेची यादी मागतात. त्यांनी स्वतः केलेल्या यादीत बहुतेक वेळा पहिलं नाव हातमोज्यांचं असतं. माझ्या यादीत पहिलं नाव पाण्याचं आहे, आणि ते कुणी खाली ढकलू नये असं मला मनापासून वाटतं. आपण मराठवाड्यात राहतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. इथे नळ सोडला की पाणी येईलच असं धरून कुठलंच काम मांडता येत नाही. आणि सुई टोचली, डोळ्यात ॲसिड उडालं, अंगावर औषध सांडलं, ऊन लागलं, पुठ्ठ्याला आग लागली, तरी आधी धावायचं ते पाण्याकडेच.

हे मला एका मे महिन्यात कळलं. दोन दिवस टँकर आला नव्हता. कचरा निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर बसलेल्या एका मावशींनी पोत्यात हात घातला आणि इन्सुलिनची सुई मोज्यातून आरपार तळहातात गेली. मी त्यांना धरून नळापाशी नेलं, चावी फिरवली, तर नळातून नुसती हवा फुसफुसली. पिण्याच्या जारमध्ये चार बोटं पाणी होतं, तेवढ्यावर हात धुतला. मावशी एका हाताने मनगट घट्ट धरून म्हणत होत्या, “ताई, दाबून रक्त काढू का?” तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे: जखम दाबायची नाही, चोखायची नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या दोन तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम. 72 तास उलटून गेले की त्यांचा उपयोग राहत नाही. संभाजीनगरात असाल तर घाटी रुग्णालय, इतरत्र जिल्हा रुग्णालय. तिथे कोण घेऊन जाणार आणि गाडी कुणाची, हे आजच ठरवून भिंतीवर लिहा.

म्हणून राखीव पाण्याची एक वेगळी टाकी ठेवा. 500 लिटरची असली तरी चालेल, पण तिचा नळ वेगळा हवा आणि ते पाणी सडा टाकायला, गाडी धुवायला वापरायचं नाही. डोळ्यात काही गेलं तर निदान 15 मिनिटं सलग धार लागते, एक तांब्या ओतून भागत नाही. टाकीला झाकण हवं, पाणी आठवड्याला बदलायला हवं. शिळं पाणी डोळ्यात घालणं हाही धोकाच. साबण दोरीला बांधून नळापाशीच टांगा, नाहीतर तो ऑफिसच्या कपाटात जाऊन बसतो.

मावशींच्या त्या दिवसाने आणखी एक गोष्ट शिकवली. सुई टोचल्याचं त्यांनी सांगितलं, कारण मी शेजारीच उभी होते. नंतर बोलता बोलता दुसऱ्या दोघींनी कबूल केलं की त्यांनाही आधी टोचलं होतं, पण दवाखान्यात गेलं की रोज बुडतो म्हणून त्या गप्प बसल्या. तेव्हा माणसं कामावर घेताना पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा: इजा झाली, दवाखान्यात गेलात, तरी त्या दिवसाची पूर्ण हजेरी लागेल. आणि तसंच वागा. कावीळ ब ची (हिपॅटायटिस बी) लस तीन डोसांत होते, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, त्यामुळे ती काम सुरू होण्याआधीच चालू करा. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेऊन ठेवा.

आता हातमोजे. सुई थांबवेल असा मोजा आमच्या हाती अजून लागलेला नाही. जाड, तळहाताला रबर लावलेले घ्या, पण खरी राखण सवय करते. पोत्यात हात घालायचा नाही, पोतं टेबलावर ओतायचं आणि लहान दाताळ्याने पसरायचं. कपड्यांचं म्हणाल तर आपल्या बायका कापूस वेचताना साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोच इथे उत्तम. पदर शर्टाच्या आत, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या, आणि पट्ट्याजवळ ओढणी अजिबात नको. पायात चपला नकोत, जाड तळाचे बूट हवेत. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क हे सगळं केंद्र चालवणाऱ्याने पुरवायचं असं लिहिलेलं होतं, तेव्हा ते पैसे मजुरीतून कापू नका.

गठ्ठा बांधायच्या मशीनची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पुठ्ठा अडकतो, तार गुंतते, आणि “दोन मिनिटांचं काम आहे” म्हणत माणूस आत हात घालतो. आपल्याकडे यात विजेची भर पडते. लाइट गेली की मशीन थांबतं, सगळे निवांत होतात, कुणीतरी त्याच वेळात अडकलेलं काढू पाहतो. लाइट परत आली की मशीन विचारत नाही. म्हणून पक्का नियम करा: लाइट गेली की मेन स्विच खाली. आत हात घालायचा असेल तर स्विचला कुलूप, आणि चावी जो हात घालणार त्याच्याच खिशात, सुपरवायझरच्या नाही. मशीन तिथल्या तिथे थांबवणारं लाल बटण रोज सकाळी दाबून बघा, नुसतं डोळ्यांनी पाहून पुढे जाऊ नका. पट्ट्याचं बटण शेवटच्या बाईच्याही हाताला येईल असं बसवा, आणि पट्टा थांबवल्याबद्दल कुणालाही कधी बोलू नका.

माल उतरवून घेताना काय काय बाजूला काढायचं ते ऋतूप्रमाणे बदलतं. जुलै ते ऑक्टोबर कापूस-सोयाबीनवरच्या फवारणीच्या बाटल्या येतात. 2017 साली शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तसल्याच औषधांचे उरलेले थेंब या बाटल्यांत असतात. वाचता येत नसेल तरी रंग ओळखता येतो. लेबलवरच्या चौकटीचा खालचा अर्धा भाग लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. या बाटल्या पट्ट्यावर येऊ देऊ नका, झाकणाच्या वेगळ्या पिंपात ठेवा, केंद्रावर धुऊ नका, आणि पाण्यासाठी घरी तर कुणीच नेऊ नये. हाताळणाऱ्याला घाम, लाळ, उलटी सुरू झाली आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, 108 ला फोन लावा आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत द्या.

मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या मशीनखाली दाबल्या गेल्या की पेट घेतात, आणि शेजारी पुठ्ठा असतोच. त्या कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, पुठ्ठ्यापासून लांब ठेवा. वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत ना ते बघा, आमच्याकडे बऱ्याचदा त्यांत गुटख्याच्या पुड्याच सापडतात. फुटलेली ट्यूबलाइट झाडूने लोटू नका, आतला पारा हवेत उडतो. ओल्या कागदाने टिपून घ्या. बंद सिलेंडर आणि तोंड दाबलेले पाइप भंगारात जाऊ देऊ नका. आपलं लोखंड पुढे जालन्याच्या भट्ट्यांत जातं, आणि आत अडकलेली हवा किंवा पाणी वितळलेल्या लोखंडात स्फोट घडवतं. तिथला मजूरही कुणाचा तरी घरधनी आहे.

गाडी मागे घेताना एक माणूस शिटी घेऊन उभा हवा. गठ्ठे तीनपेक्षा जास्त उंच रचू नका.

पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवा, राहिलेलं चारनंतर. छताला चुना मारा. मीठ-साखरेची (ओआरएस) पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजे नाही. कुणी असंबद्ध बडबडायला लागलं तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता, पंखा चालवा, 108 बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पहिल्या पावसानंतर गठ्ठ्यांखाली विंचू येतात. गठ्ठे फळ्यांवर ठेवा, उचलण्याआधी काठीने हलवा. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले. ते औषध जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का, हे जूनच्या आधी स्वतः जाऊन विचारून या.

संध्याकाळी घरी निघण्याआधी सगळ्यांनी हातपाय धुऊन कपडे बदलायचे, कामाचे कपडे केंद्रावरच राहतील. बायकांसाठी दाराला आतून कडी लागेल अशी खोली हवी. सगळे धुऊन गेले की मी शिडीवर चढते आणि राखीव टाकीत काठी बुडवून बघते. काठीवर लाल रंगाची रेघ ओढली आहे. पाणी रेघेच्या खाली असेल तर टँकरवाल्याला तेव्हाच फोन, आणि टाकी भरेपर्यंत दुसऱ्या दिवशी पट्टा बंद.