पूर्वजांचे आजचे वंशज शोधताय? या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या घराघरांत वंशावळी निघाल्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठ्यांना कुणबी जातीचा दाखला देण्यासाठी निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि पणजोबांचं नाव विचारलं तर अडखळणारी माणसंही तहसीलच्या अभिलेख कक्षासमोर रांगेत उभी राहिली. पुष्कळांच्या हाती पाच-सहा पिढ्यांचा कागद आला. त्यातलेच काही जण आता पुढचा प्रश्न विचारतात: पणजोबांना तीन भाऊ होते, दोन बहिणी होत्या, मग त्यांची लेकरंबाळं आज आहेत कुठे?

हा प्रश्न मला दाखल्याइतकाच मोलाचा वाटतो. पण दाखल्यासाठी शिकलेली रीत इथे वापरली की शोध अडतो. दाखल्याचा शोध तुमच्यापासून निघून सरळ वर जातो. वंशजांचा शोध एका जुन्या जोडप्यापासून निघतो आणि खाली उतरताना प्रत्येक पिढीत फाकत जातो. तिथे एकही फांदी सोडून चालत नाही.

दाखल्याची वंशावळ पूर्ण समजणं

प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ अर्जदारापुरती असते. त्यात काका असतात, कारण त्यांचा पुरावा लागतो. आत्या बहुतेकदा नसतात. ज्या चुलत्याने कागद दिले नाहीत, त्याची शाखाही गळालेली असते. ही वंशावळ घ्या, पण पहिलं काम म्हणून प्रत्येक नावापुढे विचारा: याची सगळी भावंडं कोणती? बायका किती? लहानपणी गेलेली लेकरं? एक जोडपं निवडा आणि त्यांची एक पिढी पूर्ण लिहून झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावू नका.

जमिनीचे कागद वाचतानाही हाच घोटाळा होतो. आपल्याकडच्या जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागलं, धाकटे भाऊ कागदावर आलेच नाहीत. वाचणारा समजतो की म्हाताऱ्याला एकच मुलगा होता, आणि दोन भावांची अख्खी वंशवेल तिथेच सुटते. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक) दिसलं की थांबा आणि त्या गटाचे पुढचे फेरफार काढा. वाटणीच्या फेरफारात बाकीचे भाऊ बहुधा सापडतात. जुन्या काळासाठी १९५४ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक आणि त्याआधीचं सेतवार हे जमिनीचे जुने सरकारी अभिलेख पाहा. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. बाकीच्यांसाठी तहसीलला अर्ज करावा लागतो.

लेकी गाळणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आपण अगदी सहज करतो. गावात विचारलं की उत्तर येतं, “त्यांचं घर बुडालं.” ऐकणारा वहीत त्या शाखेवर रेघ मारतो. पण घर बुडालं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं की मुलगा नव्हता. तीन लेकी होत्या, तिघी नांदल्या, आणि त्यांची नातवंडं-पणतवंडं आज परभणीत, पुण्यात, हैदराबादेत आहेत. ती त्या म्हाताऱ्याची वंशजच आहेत. मूलबाळ नव्हतं असं पक्कं कळेपर्यंत कोणतीही शाखा बंद करू नका.

लेक शोधणं अवघड का, तर लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा तिचं पाळण्यातलं नावही बदललं जायचं. माहेरची सोजर सासरी लक्ष्मीबाई झालेली असते आणि मतदार यादीत ती नवऱ्याच्या नावाने असते. म्हणून नावाने शोधायच्या आधी ती कोणत्या गावी, कोणाच्या घरी दिली हे काढा. घरातल्या वयस्क बायकांना “पणजोबांना मुली किती?” असं विचारलं तर आठवत नाही. “पंचमीला माहेरी कोण कोण यायचं?”, “धोंड्याच्या महिन्यात कोणते जावई जेवायला यायचे?”, “कुणाच्या लेकराचं जावळ आपल्याकडे काढलं?” असं विचारा. गावांची नावं आपोआप बाहेर पडतात. जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या जपून ठेवलेल्या असतील तर त्या मागून घ्या. आहेराच्या वहीत जावयाचं नाव गावासकट असतं.

कागदात लेक सापडते ती वारसाच्या फेरफारात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर वडील वारले असतील तर विधवा आणि मुलींची नावं यायला लागली, पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. आपल्याकडे ती ‘अमुकबाई भ्र. तमुकराव’ अशी लिहिलेली असतात. हा ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. म्हणजे एका ओळीत जावयाचं नावही मिळालं. पुढे बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्यात तिचं वय आणि सासरचा पत्ता असतो. हक्कसोडपत्र निघण्यामागची कथा अनेक घरांत दुखरी असते, तरी या शोधात त्याच्याइतका नेमका कागद दुसरा नाही.

आणखी एक. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे एकच माणूस त्याच पणजोबांचा वंशज दोन वाटांनी निघू शकतो, आजीकडून आणि आजोबांकडूनही. अशा माणसाची दोन वेगळी माणसं करून मांडू नका. एकदाच लिहा आणि दोन्ही नाती जोडा. घरजावई झालेल्याची मुलं आजोळच्या आडनावाने वाढलेली असतात, तिथेही असाच गोंधळ होतो. दत्तक गेलेल्या मुलाचं जन्मघर आणि दत्तकघर दोन्ही लिहा.

आडनावावर विसंबणं

एकाच बापाची तीन मुलं: एक पाटील लावतो, दुसरा मूळ आडनाव लावतो, तिसरा नोकरीसाठी बाहेर पडला आणि गावावरून ‘कर’ लावू लागला. उलट एकाच गावातल्या दोन जाधव घरांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही तर वतनावरून आलेली. त्यावरून रक्ताचं नातं ठरवणं म्हणजे अंदाज बांधणं.

भावकी तपासायला गावाकडे चांगल्या कसोट्या आहेत. दहा दिवसांचं सुतक कोणती घरं धरतात? देवक कोणतं? कुळाचार एकच आहे का? आणि उलटी कसोटी: त्या घराशी आपली सोयरीक कधी झाली आहे का? झाली असेल तर ती भावकी नसण्याचीच शक्यता जास्त. कुलदैवत मात्र एकट्याने पुरावा ठरत नाही; तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका असंख्य असंबंधित घरांची आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, आणि गेले असतील तर काशी-गया. कर्नाटकाला लागून असलेल्या भागात हेळवी येऊन वंशावळ वाचून दाखवतात. हे आधार जरूर घ्या. पण त्यांतही पुरुषांचीच नावं जास्त असतात आणि शेवटची नोंद शेवटी कोण आलं त्यावर अवलंबून असते. तिथून आजच्या माणसापर्यंतची वाट तुम्हालाच काढावी लागते.

एकच नाव, दोन माणसं

नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत असल्याने मारुती विठोबा, मग विठोबा मारुती, मग पुन्हा मारुती विठोबा असं चालतं. दोन मारुतींची एकच व्यक्ती केली की मधली पिढी गायब होते. पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षं धरून ताळा बघा. बाप आणि मुलात बारा वर्षांचं अंतर निघालं तर कुठेतरी सांधा चुकला आहे.

सनांचा ताळा तर फारच जपून करा. निजामाच्या राज्यातल्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखादं वर्ष मागेपुढे. काही कागदांवर हिजरी असतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, पण हिजरी १३५७ म्हणजे १९३८. आकडा तोच, फरक दहा वर्षांचा. उर्दू-फारसी कागद वाचून घेताना वाचणाऱ्याला सन कोणता तेही लिहायला सांगा. मोडी कागदावर शके असेल तर ७८ मिळवा.

शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतली १ जून ही जन्मतारीख गुरुजींनी सोयीने लिहिलेली असते. वर्ष मदतीला घ्या, दिवसावर काही उभारू नका. म्हाताऱ्यांच्या आठवणीतल्या खुणा त्याहून भरवशाच्या वाटतात: मानमोडीच्या साथीत (१९१८), रझाकारांच्या वेळी, बहात्तरच्या दुष्काळात. त्या जशाच्या तशा लिहा, शेजारी अंदाजे सन टाका.

आजच्या नकाशावर जुना कागद शोधणं

उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होतं. मुधोळ-भैंसा भाग नांदेडात होता, तो आता तेलंगणात आहे. अंबाजोगाईचं नाव कागदावर मोमिनाबाद असतं. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये झाला; त्याआधीचे कागद जुन्या जिल्ह्याच्या नावाने शोधा. आणि पिंपळगाव किंवा सावरगाव एवढंच लिहू नका. बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता, हे प्रत्येक वेळी लिहा.

गावात कुणी उरलं नाही म्हणून थांबणं

कधी कधी गावच उरलेलं नसतं. जायकवाडीचं धरण झालं तेव्हा पैठण-गंगापूरपासून शेवगाव-नेवाशापर्यंतची गावं नाथसागराखाली गेली आणि भावकी वेगवेगळ्या पुनर्वसित वस्त्यांत विखुरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली गावं नव्या जागी वसली. अशा घरांकडे प्रकल्पग्रस्त किंवा भूकंपग्रस्त असल्याचं प्रमाणपत्र असतं आणि त्यावर मूळ गाव नि तेव्हाच्या कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. नोकरीच्या आरक्षणासाठी हा कागद पुढच्या पिढीनेही जपलेला असतो, म्हणून आजच्या माणसापर्यंत पोचवणारा तो चांगला दुवा आहे.

रझाकारांच्या काळात सीमेपलीकडे सोलापूर, बार्शी, नगरकडे गेलेली सगळीच घरं परत आली नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात मुंबई-पुण्याला गेलेल्यांतलेही अनेक तिकडेच राहिले. ऊसतोडीला गेलेली काही कुटुंबं कारखान्याच्या भागातच स्थिरावली. त्यांचा माग काढायला गावाकडची जत्रा सोयीची. बाहेर गेलेली माणसं वर्षात एकदा यायची असतील तर त्याच दिवशी येतात, आणि वर्गणीच्या यादीत त्यांची नावं, हल्ली मोबाईल नंबरही, असतात. तो नंबर मंडळाने वर्गणीसाठी घेतलेला आहे हे लक्षात ठेवून आधी मंडळातल्या माणसाकरवी विचारा.

थेट फोन करणं

इथवर नीट आलेला शोध या एका फोनमध्ये मोडतो. अनोळखी माणूस फोन करून म्हणतो, “तुमचे पणजोबा नि माझे पणजोबा सख्खे भाऊ.” ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो जमिनीचा. हिस्सा मागायला आला का? दुसरा येतो फसवणुकीचा. दोन्ही संशय रास्त आहेत. भावकीतली भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून शक्यतो दोघांच्या ओळखीच्या सोयऱ्यामार्फत जा. तसा कुणी नसेल तर आधी पत्र किंवा छोटा संदेश: मी कोण, गाव कोणतं, कोणत्या जोडप्याचे वंशज लिहून काढतोय, आणि जमिनीशी, वाटणीशी याचा संबंध नाही. हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. जमिनीचा वाद चालू असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि वाद मिटेपर्यंत त्या शाखेकडून माहिती मागू नका. पहिल्या भेटीत सातबाऱ्याची नक्कल काढून दाखवू नका. तिथे न्यायचा कागद म्हणजे जुना फोटो किंवा हाताने काढलेली वंशावळ, आणि ती त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायची. “इथे तुमच्या आजीचं नाव चुकलंय का?” असं विचारलं की माणसं पेन हातात घेतात.

काही गोष्टी तुम्हाला कागदातून आधीच कळलेल्या असतील: पहिलं लग्न, मोडलेलं नातं, कुणी जीव दिला ते. समोरच्या पिढीला ते ठाऊक असेलच असं नाही. त्या तुमच्या तोंडून त्यांना कळू नयेत.

हयात माणसांची नावं आणि नाती एवढंच वंशावळीत ठेवा. जन्मतारीख, मोबाईल, आधार, पत्ता व्हॉट्सअॅपच्या भावकी ग्रुपवर फिरवू नका. लहान मुलांचे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या वंशवृक्षात हयात व्यक्तींची नोंद इतरांना दिसत नाही, पण ती व्यक्ती हयात आहे असं तुम्ही नोंदवलेलं असेल तरच. जन्मसाल नसलेल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा रकाना हमखास चुकतो, तो एकदा तपासा.

पत्राला उत्तर आलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच आठवण करा आणि मग त्या घराला सोडा. त्यांच्या आजोबांच्या बहिणीच्या घरी जा. भावाशी बोलणं तुटलेलं असलं तरी आत्याकडे सगळ्यांचं येणंजाणं असतं, आणि राहिलेली नावं बहुतेकदा तिथेच मिळतात.